जागल्याची कीर्ती



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानाला उभे राहायचे म्हणजे संप, टाळेबंदी आणि वेतनकरार यांवरच बोलायचे, असा एक संकेत आपल्या गावात पडून गेला आहे. चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘निवृत्त गोलरक्षकाची लोकप्रियता’ असे सांगितले, आणि लिहून घेणाऱ्या गृहस्थांनी पेन वर उचलून आमच्याकडे पाहिले. त्यांची शंका रास्त होती. चंद्रपूर आणि गडचिरोली हे काही फुटबॉलचे जिल्हे नव्हेत. आमच्या गावोगावच्या मंडळांचे सामने म्हणजे कबड्डीचे, फार तर व्हॉलीबॉलचे. फुटबॉल आहे तो कोलियारीच्या वसाहतींत, पोलिसांच्या मैदानावर आणि काही शाळांतून. पण आम्ही निवडलेला विषय खेळाचा वाटला तरी तो कामाचा आहे, आणि कामाच्या माणसाला लोक किती दिवस लक्षात ठेवतात, याचा आहे.

झाडीपट्टीतल्या माणसाला गोलरक्षक समजावून सांगण्याची गरज नाही. धान निसवले की बांधीच्या धुऱ्यावर मचाण उभे राहते आणि घरातला एकजण रात्री जागलीला जातो. रानडुकरे येतात, चितळे येतात, आणि अलीकडे जागलीला गेलेल्या माणसाच्या मागे वाघही येतो. हा जागल्या रात्रभर डबा वाजवतो, शेकोटी सारखी करतो, आणि सकाळी घरी येतो तेव्हा त्याला कोणी विचारीत नाही की, बाबा, रात्री काय काय झाले नाही? पीक उभे आहे, एवढेच दिसते. ज्या एका रात्री त्याचा डोळा लागतो आणि अर्धी बांधी लोळते, त्या रात्रीचे मात्र गाव वर्षभर बोलते. जे घडू दिले नाही ते डोळ्यांना दिसत नाही, हे या कामाचे दुर्दैव आहे.

भूमिगत खाणीत हेच काम पंपखलाशाचे. कोळसा काढणाऱ्याचे टन मोजले जातात. पंपखलाशाच्या नावावर टन नाही. तो पाण्याला थोपवून धरतो, बस्स. पाळीच्या अखेरीस त्याच्या वहीत पंप किती तास चालला एवढी नोंद होते. आम्ही तीस वर्षे खाणकामगारांत वावरत आहो. पंपखलाशाला हारतुरे घालून मिरवल्याचे आम्ही पाहिले नाही.

म्हणूनच जगात काही गोलरक्षकांच्या बाबतीत उलटा प्रकार घडला, तो कसा आणि का घडला, हा प्रश्न आम्हांस पडला.

खेळाच्या नियमांत गोलरक्षक नावाचा स्वतंत्र माणूस १८७१ साली आला. त्याला हात लावण्याची मुभा पहिल्याने बरीच मोठी होती. १९१२ साली ती त्याच्या पुढ्यातल्या चौकोनापुरती उरली. त्याच्या मागे चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी चौकट. बारा यार्डांवरून पेनल्टी मारतात तेव्हा चेंडू सुटल्यावर विचार करायला वेळ राहत नाही. कपडा वेगळा, नियम वेगळा, आणि चूक झाली तर ती झाकायला मागे कोणी नाही. दहाजण धावतात, एक थांबतो. ही जागा सहसा कोणी मागून घेत नाही.

पहिली गोष्ट आम्ही सांगतो ती खाणीतल्या पोराची आहे. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात कार्डेंडन नावाचे कोळशाचे गाव. तिथला जॉन थॉमसन हा खाणकामगाराचा मुलगा, आणि शाळा सुटल्यावर तोही खाणीत उतरला. पुढे ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला उचलला. १९३१ च्या सप्टेंबरची पाच तारीख. रेंजर्स या प्रतिस्पर्धी क्लबाशी सामना. प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू घेऊन आत घुसला आणि थॉमसनने त्याच्या पायांत उडी घेतली. गुडघा डोक्याला लागला. रात्री इस्पितळात तो वारला. वय बावीस. मंदीचे दिवस होते, ग्लासगोत बेकारी माजलेली; आगगाडीचे भाडे नसलेली माणसे पन्नासहून अधिक मैल पायी चालून कार्डेंडनला अंत्ययात्रेसाठी गेली. तीस हजारांच्या वर लोक त्या लहानशा गावात जमले. त्याच्या थडग्यावर आजही क्लबाचे लोक जाऊन येतात.

मृत्यूने माणूस अमर होतो हे खरे, आणि कोणी म्हणेल की यात गोलरक्षकपणाचे विशेष काय? पण ती जी माणसे चालत गेली, ती बहुतेक स्वतः अंगमेहनतीची होती. छत कोसळताना सोबत्याला ओढण्यासाठी आत जाणारा माणूस त्यांनी पाहिला होता. थॉमसनची उडी त्यांना खेळातली वाटली नसावी, असे आमचे मत आहे.

आता आपल्या अधिक जवळची, आणि सुदैवाने जिवंत माणसाची गोष्ट. ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव या सभागृहात किती जणांनी ऐकले आहे, आम्हांस कल्पना नाही. गोव्यात मात्र वयस्क माणसाला हे नाव सांगताना आडनाव जोडावे लागत नाही.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोली गावी, विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याबरोबर, असे तिकडचा इतिहास सांगतो. पुढे चर्चच्या पटांगणातून आणि भात कापल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांतून तो रुजला. आमच्याकडे धान निघाल्यावर त्याच बांध्यांत शंकरपट भरतो. त्यांच्याकडे गोलचे बांबू उभे राहिले. दीर्घ काळ हा ख्रिस्ती वाड्यांचा खेळ, अशी एक समजूत होती. पणजीला लागून असलेल्या ताळगावात १९५४ साली जन्मलेल्या या कामत-शंखवाळकर घराण्यातल्या मुलाने ती समजूत कोणतेही भाषण न करता मोडली. गोलात कोण उभा आहे, एवढेच लोकांनी पाहिले.

पण त्याआधी लोखंडाकडे वळले पाहिजे. गोव्याच्या डोंगरांतले लोहखनिज दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे जाऊ लागले आणि १९५० नंतरच्या दशकात खाणमालकांची घराणी उभी राहिली. याच घराण्यांनी फुटबॉलचे संघ काढले. साळगावकरांचा संघ १९५६ सालचा; सेझा गोवाचा १९६५ चा; धेंपोंचाही त्याच दशकातला. मालकाने संघ का काढावा? आमच्या क्षेत्रातले लोक या प्रश्नावर हसतील. प्रतिष्ठा मिळते, वर्तमानपत्रात नाव येते, रविवारी कामगार एका ठिकाणी बसून एका बाजूने ओरडतात, आणि सोमवारी मागण्या थोड्या मऊ होतात. मुंबईच्या गिरण्यांनीही संघ बाळगले ते काही निव्वळ धर्मादाय म्हणून नव्हे. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या व्यवस्थेत खेळाडूला नोकरी होती. पायाला दुखापत झाली तरी चूल विझत नव्हती. मालकाचा हेतू काही असो, हजेरीपटावर नाव होते, आणि हजेरीपटावरच्या नावाची किंमत ठेकेदारी पद्धतीत राबलेल्या माणसाला विचारा.

शंखवाळकर या साळगावकर संघाकडून सुमारे सतरा वर्षे खेळले. एका मालकाकडे सतरा वर्षे! आजच्या खेळाडूला हे ऐकून दया येईल. भारताच्या संघाचे कर्णधारपद त्यांनी १९८३ ते १९८६ या काळात सांभाळले. पण गोव्याने त्यांना मनात जागा दिली ती संतोष चषकाच्या दोन स्पर्धांत. राज्याराज्यांमधली ही स्पर्धा म्हणजे त्या काळी देशातल्या फुटबॉलचा मोठा मान, आणि तिच्यावर बंगालचे वर्चस्व. १९८३ साली कलकत्त्यात, बंगालच्या घरात, गोव्याने अंतिम सामना गोलशून्य ठेवला आणि चषक दोघांत विभागून दिला गेला. पुढच्या वर्षी मद्रासला अंतिम सामन्यात पंजाबचा एका गोलने पराभव करून गोव्याने तो एकट्याने जिंकला; आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही.

पाचशे शहात्तर मिनिटे. हा आकडा गोव्यात अजून सांगितला जातो. आमच्या हिशेबात मांडायचे तर आठ तासांची एक पूर्ण पाळी आणि वर शहाण्णव मिनिटांचा ओव्हरटाइम, आणि त्यात एकदाही डोळा लागला नाही. मागाशी आम्ही म्हणालो की जे घडू दिले नाही ते दिसत नाही. गोव्याच्या लोकांनी ते मोजले. मिनिटांनी मोजले. न झालेल्या गोष्टीला आकडा मिळाला की ती दिसू लागते; मग ती नातवाला सांगता येते. पंपखलाशाच्या वहीतही असाच आकडा असतो, पण ती वही लॅम्परूमच्या कपाटात जाते आणि तिथून वाळवीच्या पोटात.

याला दुसरेही एक कारण आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर विलीनीकरणाचा वाद झाला, १९६७ साली जनमतकौल झाला, भाषेचा वाद तर त्यानंतरही पेटत राहिला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. म्हणजे १९८३-८४ साली गोवा हा केंद्रशासित प्रदेश होता. आपण कोण, हे दिल्लीला आणि शेजाऱ्यांना सांगण्याच्या खटपटीत असलेला. अशा वेळी बंगाल-पंजाबसारख्यांना थोपवून धरणारा माणूस लोकांना आपल्या वेशीवर उभा दिसला. गोवा-कोकणात गावाच्या सीमेवर राखणदार असतो, देव म्हणा की दंतकथा म्हणा. त्याला वर्षातून एकदा मान द्यायचा आणि एरवी त्याने गाव राखायचे. ब्रह्मानंदांना मिळालेले प्रेम आम्हांस त्या जातीचे वाटते. कोणी देव्हारा बांधला असे नव्हे. पण हा माणूस आहे तोवर आपली वेस शाबूत, हा भाव.

साळगावकर संघाने १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार १९९७ सालचा आणि पद्मश्री २०२२ साली. तारखा पाहा. मद्रासची ती स्पर्धा आणि पद्मश्री यांत अडतीस वर्षांचे अंतर. सरकारला कळायला इतका वेळ लागतो, ही तक्रार आम्ही करीत नाही. आमच्या उपदानाच्या फाइली पाहिलेल्या माणसाला हे जलदच वाटेल. मुद्दा असा की त्या अडतीस वर्षांत लोक विसरले नाहीत. हातमोजे उतरवून किती काळ लोटला, तरी बातमी आली तेव्हा गोव्यात कोणाला ‘हे कोण?’ असे विचारावे लागले नाही.

आणि ज्या लोखंडावर हा डोलारा उभा होता त्याचे काय झाले? २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि पुढल्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. त्या सुमाराची सहा वर्षे पाहा: २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत देशाची आय-लीग सहाच्या सहा वेळा गोव्याच्या संघांनी जिंकली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. आणि २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग या तिन्ही संघांनी त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. कारण त्यांनी दिले ते नव्या इंडियन सुपर लीगला वरचे स्थान मिळाल्याचे, आणि ते खोटे होते असे नव्हे. पण खाण पूर्वीसारखी चालू असती तर मालकांनी इतक्या लवकर मैदान सोडले असते का, असे आमच्या मनात येते. धेंपो संघ पुढे २०२४ साली आय-लीगमध्ये परतला, हे नमूद केले पाहिजे. तरी घराण्यांच्या आश्रयाचा तो काळ गेला. खनिज गेले, आश्रय गेला, आणि गोलरक्षकाचे नाव उरले. मालकांची नावे लोक पाटीवर वाचतात. शंखवाळकरांच्या नावाला पाटी लागली नाही.

आता परदेशी जाऊ. फुटबॉलचा गोलरक्षक म्हटला की जर्मनीला टाळता येत नाही.

बर्ट ट्राउटमान हा ब्रेमेनचा. हिटलरच्या सैन्यात छत्रीधारी सैनिक, शौर्यपदक मिळवलेला. १९४५ साली इंग्रजांच्या हाती सापडला आणि लँकेशायरमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत आला. तिथे तो मधल्या फळीत खेळे. एकदा दुखापत झाली म्हणून त्याने गोलरक्षकाशी जागा बदलली, आणि तो पुन्हा बाहेर आलाच नाही. सुटका झाल्यावर मायदेशी न जाता तो शेतावर राबला, न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामावर राहिला. १९४९ साली मँचेस्टर सिटी क्लबाने त्याला घेतला तेव्हा सुमारे वीस हजार लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. कोणाचा भाऊ मेला होता, कोणाचे घर बेचिराख झाले होते. त्यांचा राग खोटा नव्हता. त्या रागाला पहिला बांध घातला तो मँचेस्टरच्या एका ज्यू धर्मगुरूने. अलेक्झांडर आल्टमान हे स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले. एका माणसाला सगळ्या राष्ट्राच्या पापाची शिक्षा देऊ नका, अशा अर्थाचे पत्र त्यांनी छापून आणले. संघाचा कर्णधार एरिक वेस्टवूड नॉर्मंडीत जर्मनांशी लढलेला. त्याने ट्राउटमानला खेळाडूंच्या खोलीत बरोबरीने घेतले. बाकीचे काम गोलच्या चौकटीत झाले. १९५६ च्या मे महिन्यात इंग्लंडच्या चषकाचा अंतिम सामना. शेवटची सतरा मिनिटे उरली असताना ट्राउटमानच्या मानेवर आघात झाला. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. तो तसाच उभा राहिला आणि आणखी चेंडू अडवले. सिटीने सामना तीन-एकने जिंकला. काही दिवसांनी क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कळले की मानेचा मणका मोडला आहे. त्याच वर्षी इंग्लंडच्या क्रीडालेखकांनी त्याला वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरवले. हा मान मिळवणारा तो पहिला गोलरक्षक. १९६४ साली त्याच्या निरोपाच्या सामन्याला सत्तेचाळीस हजार लोक आले. पंधरा वर्षांपूर्वी ‘हा नको’ म्हणून रस्त्यावर उतरलेल्यांतले किती त्यात होते, याची मोजदाद कोण करणार. पण शहर तेच होते.

आम्ही या गोष्टीत रमतो त्याचे कारण आहे. परप्रांतातून आणलेला मजूर आणि स्थानिक मजूर यांची भांडणे आम्ही आयुष्यभर सोडवीत आलो. कोलियारीत तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी, सगळे आहेत. आमचा अनुभव असा की सभेतल्या ठरावाने मने जुळली नाहीत. एका पाळीत शेजारी शेजारी उभे राहून काम केल्याने काही जुळली.

ऑलिव्हर कान याची जात वेगळी. कार्ल्सरूहचा हा गडी १९९४ पासून २००८ पर्यंत म्युनिकच्या बायर्न संघात उभा होता. २००२ चा विश्वचषक जपान-कोरियात झाला, त्यामुळे आपल्याकडे दुपारीच सामने दिसत. चारच्या पाळीला जाणारी पोरे चहाच्या टपरीवर दूरचित्रवाणीपुढे खोळंबत, हे अनेकांना आठवत असेल. अंतिम सामन्यापर्यंत या माणसाने एकच गोल होऊ दिला होता. ३० जूनला ब्राझीलविरुद्ध त्याच्या हातून चेंडू निसटला आणि रोनाल्डोने तो आत ढकलला. जागल्याचा एकदा डोळा लागला. तरीही स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून सोन्याचा चेंडू त्यालाच मिळाला. विश्वचषकात तो मिळवणारा गोलरक्षक अजून दुसरा झालेला नाही.

पण आमच्या मते त्याचा मोठेपणा पुढे चार वर्षांनी, त्याच तारखेला दिसला. २००६ चा विश्वचषक त्याच्या स्वतःच्या देशात, आणि प्रशिक्षकाने त्याला बाजूला बसवून येन्स लेमान या प्रतिस्पर्ध्याला गोलात उभे केले. दोघांचे सख्य नव्हते, हे साऱ्या जर्मनीला ठाऊक. ३० जूनला अर्जेंटिनाशी बरोबरी होऊन पेनल्टीवर निकाल लागायची वेळ आली, तेव्हा कान उठला, लेमानपाशी गेला, त्याचा हात हातात घेतला आणि त्याला शुभेच्छा दिल्या. ज्येष्ठता डावलून बढती दिली गेली की माणसाची काय अवस्था होते ती आम्ही जाणतो. आमच्याकडे निम्मे तंटे त्यावरचे. बढती मिळालेल्याच्या हाताखाली हत्यार नेऊन देणारा ज्येष्ठ मिस्त्री आम्ही क्वचित पाहिला. जर्मनीने तो सामना जिंकला.

बायर्नसाठी कान अखेरचा खेळला तो आपल्या देशात. २७ मे २००८, कलकत्त्याचे सॉल्ट लेक मैदान, समोर मोहन बागान. एक लाख वीस हजारांच्या आसपास प्रेक्षक. बायर्नने तीन गोलांनी सामना जिंकला, आणि घरचा संघ हरला म्हणून कोणी खुर्ची मोडली नाही. लोक कानला निरोप द्यायला आले होते. पुढे हा माणूस बायर्नच्या व्यवस्थापनात गेला, २०२१ साली मुख्य कार्यकारी झाला, आणि २७ मे २०२३ रोजी, म्हणजे कलकत्त्याच्या त्या सामन्याला बरोबर पंधरा वर्षे झाली त्या दिवशी, त्याला पदावरून दूर केल्याचे जाहीर झाले. व्यवस्थापनात गेलेल्या गोलरक्षकासाठी कोणी मैलोगणती चालत आल्याचे आमच्या वाचनात नाही. लोकांना तो चौकटीतलाच हवा होता.

त्याच २००८ सालची दुसरी नोंद मांडल्यावाचून पुढे जाता येत नाही. पीटर थंगराज. हैदराबादचा, लष्करात वाढलेला, सहा फुटांहून उंच गोलरक्षक; सुरुवात आघाडीच्या जागी, मग गोलात. १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिक संघांत, १९६२ साली जकार्त्याला आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघात. कलकत्त्याच्या मोहामेडन स्पोर्टिंग, मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या तिन्ही मोठ्या संघांचे गोल या एका माणसाने राखले. खेळ संपल्यावर तो बोकारोच्या पोलाद कारखान्याच्या नगरात राहिला, तिथल्या मुलांना शिकवीत राहिला, आणि २००८ च्या नोव्हेंबरात तिथेच वारला. कलकत्त्याने मे महिन्यात ज्या जर्मन गोलरक्षकाला लाखाने निरोप दिला, त्याच कलकत्त्याचे तिन्ही गोल राखलेला माणूस एका रात्रीच्या प्रवासावर होता. कलकत्त्याच्या रसिकांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी पाहिले ते दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि थंगराजचा खेळ पाहिलेली पिढी पिकली होती. मुंबईचे एस. एस. नारायण यांचीही तीच कथा. माटुंग्याच्या मैदानावर वाढलेला हा माणूस भारत चौथा आला त्या मेलबर्नच्या ऑलिंपिकात गोलात होता. २०२१ साली ठाण्यात त्याचे निधन झाले, आणि कित्येकांना मृत्युवार्तेतूनच कळले की तो आजवर आपल्यात होता.

मग शंखवाळकर का टिकले आणि हे का झाकोळले? गुणात कमी होते म्हणून नव्हे. आमचा अंदाज असा: शंखवाळकर जिथे खेळले तिथेच राहिले. ज्यांनी त्यांना पाहिले ते त्याच वाड्यांत, त्याच वर्तमानपत्रांच्या वाचकांत, त्याच मैदानाच्या पायऱ्यांवर म्हातारे झाले आणि त्यांनी मुलांना सांगितले. थंगराज हैदराबाद, लष्कर, कलकत्ता, बोकारो असा फिरत राहिला; त्याची आठवण सांगणारी माणसे चार ठिकाणी विखुरली. नोकरीसाठी फिरणाऱ्या प्रत्येकाचे असेच होते. आमच्या खाणींतला माणूस निवृत्त झाला की क्वार्टर सोडतो आणि गावी जातो. दहा वर्षांनी त्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला त्याचे नाव माहीत नसते.

स्मरणाला जागा लागते, अगदी शब्दशः. आणि तिथे आमच्या जिल्ह्याची गोष्ट येते. दगडी कोळशाच्या खाणींचे १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेकोलि स्थापन झाली. वसाहती झाल्या, वसाहतींना मैदाने मिळाली, विभागाविभागांचे सामने होऊ लागले. मग भूमिगत खाणी मागे पडत चालल्या आणि उघड्या खाणी पसरल्या. उघडी खाण जमीन मागते. आमच्या माहितीच्या एका कोलियारीत जिथे गोलचे खांब होते तिथे आता मातीचा डोंगर आहे, आणि तो दरवर्षी उंच होतो. तिथला गोलरक्षक पंपखलाशी होता. चौदा वर्षे त्याने ती चौकट राखली. त्याच्या नावाची वही नाही, आकडा नाही, आणि जागा डोंगराखाली.

वरोऱ्याला एकेकाळी कोळशाची खाण होती. १९०६ साली ती बंद झाली. तिथे कोण राबले, कोण कशात पटाईत होते, त्यातले एक नाव तरी आज वरोऱ्यात कोणी सांगेल का? सध्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या पहाडातून लोहखनिज उतरते आहे आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला आहे. खनिज आले की खेळाच्या स्पर्धा येतात, रंगीत बनियन येतात, ढाल येते. गोव्यात आले तसेच. पोरांनी ती बनियने जरूर घालावी. पण कामगार संघटनांनी आणि नगरपरिषदांनी दोन गोष्टी आपल्या हाती ठेवाव्या असे आमचे म्हणणे आहे: मैदानाची जमीन मैदान म्हणूनच सरकारी दप्तरात नोंदवून घ्यावी, आणि सामन्यांची एक वही ठेवावी, ज्यात गोल करणाऱ्याबरोबर अडवणाऱ्याचेही नाव असेल. आमच्या संघटनेच्या कार्यालयात गेल्या पावसाळ्यापासून अशी वही ठेवली आहे. जुन्या खेळाडूंनी येऊन आपापले सांगावे. आतापर्यंत एकतीस नावे आली. त्यांत गोलरक्षक चार.

त्या मातीच्या डोंगराजवळची पोरे सध्या आठवडी बाजाराच्या जागेवर खेळतात, बाजाराचा वार सोडून. दोन बाजूंना दोन-दोन विटा ठेवतात. सर्वांत लहान असेल त्याला विटांच्या मध्ये उभे करतात, आणि तो दर पाच मिनिटांनी विचारतो की माझी पाळी केव्हा संपणार.